मामलेदारांना दिलेला शब्द

मुंबईला जाऊन आलेल्या आपल्या मंडळातील भगिनींच्या बोलण्यात एक नाव हटकून येते, ते म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. रुखवताचे सामान, सुका मेवा, गौरी-गणपतीची आरास, सारे तेथूनच यावयाचे. त्या मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देऊन कित्येक वर्षे लोटली. परंतु जिभेवरचे नाव काही पुसले गेले नाही. गेल्या कोजागिरीला विद्याधर नगरातील आमच्या गच्चीवर मंडळाची चार-सहा कुटुंबे जमली होती. बोलता बोलता पुन्हा तो विषय निघाला, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातील एका मुलाने विचारले, "काका, हा क्रॉफर्ड म्हणजे कोण हो?" जयपुरात जन्मलेल्या आणि मुंबई केवळ सुट्टीत पाहिलेल्या त्या मुलाचा प्रश्न रास्तच होता. ज्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव आपल्या वसाहतीला आहे, तेही या नगरात बाहेरूनच आलेले. पण निदान ते कोण होते हे येथील शाळकरी मुलांना ठाऊक असते. "मुंबईचा जुना म्युनिसिपल कमिशनर," असे कोणीतरी उत्तर दिले. ते खरे होते, पण अर्धेच. उरलेली अर्धी हकीकत पुण्यात घडली, आणि तीच मला येथे सांगावयाची आहे.

इतिहास विषय घेऊन मी बी. ए. झालो त्याला आता तीन तपे होत आली. त्यानंतरचे माझे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, आरोपपत्रे, खुलासे, निलंबनाचे हुकूम आणि चौकशीचे अहवाल चाळण्यात गेले. मी संशोधक नव्हे. तथापि, ज्याच्या हातून शेकडो फायली गेल्या त्याला जुन्या फायलीतही काही ओळखीच्या खुणा दिसतात. क्रॉफर्ड प्रकरण ही तशी एक फाईल आहे.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा १८६५ साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस कर्तबगार होता, यात शंका नाही. गटारे, रस्ते, बाजार यांकडे त्याने असे लक्ष घातले की मुंबईचे रूप पालटले. आज ज्या मंडईला लोक त्याच्या नावाने ओळखतात ती १८६९ मध्ये उभी राहिली. परंतु खर्चाला धरबंध नव्हता. करदात्यांनी १८७१ च्या सुमारास मोठी चळवळ केली, आणि तिचे फळ म्हणून १८७२ चा म्युनिसिपल कायदा आला, ज्यात चौसष्ट सभासदांपैकी बत्तीस सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. तरुण फिरोजशहा मेहता त्या वादात असे म्हणत होते की दोष एका माणसाचा नसून त्याच्यावर कोणाचा अंकुश नसलेल्या व्यवस्थेचा आहे. पुढे जे घडले ते पाहता त्यांचे म्हणणे फार दूरदर्शी ठरले. कारण मुंबईत ज्याच्या हाती नगराची तिजोरी होती, त्याच गृहस्थाच्या हाती काही वर्षांनी पुण्यास अर्ध्या महाराष्ट्रातील मामलेदारांचे नशीब आले.

पुण्याचा कमिशनर म्हणजे मध्य विभागाचा मुख्य. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि खानदेश एवढे जिल्हे त्याच्या अमलाखाली. मामलेदार हा तालुक्याचा धनी. वसुली त्याच्याकडे, फौजदारीचे काही अधिकार त्याच्याकडे, रयतेला सरकार म्हणून दिसावयाचे ते त्याचेच तोंड. पण त्या मामलेदाराची बढती आणि बदली कमिशनरच्या लेखणीच्या टोकावर असे. चांगल्या हवेच्या, मुलांच्या शिक्षणाची सोय असलेल्या तालुक्यातून उचलून हिवतापाच्या मुलखात टाकणे, अगर वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे, यासाठी कारण लिहावे लागत नसे. आपल्यापैकी ज्यांच्या बदल्या बिकानेर, बाडमेर करीत झाल्या आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

क्रॉफर्ड कर्जात बुडालेला होता. राहणी नबाबी, देणे अपार. साहेबाच्या वतीने हणमंतराव राघवेंद्र नावाचा गृहस्थ मध्यस्थी करी, आणि बढती हवी असेल वा नको असलेली बदली टाळावयाची असेल तर त्याच्याकडे रक्कम पोचवावी लागते, असा बोभाटा सर्वत्र झाला होता. मामलेदाराने ती रक्कम कोठून आणावी? सावकाराकडून काढावी, बायकोच्या अंगावरचे मोडावे, नाही तर तालुक्यातून वसूल करावी. म्हणजे शेवटी भार कुणब्याच्याच पाठीवर.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी १८८८ साली हे प्रकरण हाती घेतले. पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमानी यांच्याकडे तपास सोपवला. जुलैत क्रॉफर्ड निलंबित झाला. तो वेष पालटून पुण्याहून निघाला आणि मुंबईत पकडला गेला. एका गोऱ्या कमिशनरावर, तेही नेटिव मामलेदारांच्या सांगण्यावरून, अशी पाळी यावी हा त्या काळी केवढा गहजब होता, याची आज कल्पना येणे कठीण आहे.

आणि येथेच या फाईलचे मर्म आहे. लाच घेणाराविरुद्ध साक्ष कोण देणार? ज्याने दिली तोच. पण ज्याने दिली तो तोंड उघडताक्षणी स्वतःच गुन्हेगार ठरतो. तेव्हा सरकारने मामलेदारांना अभय दिले : खरे सांगा, तुम्हावर खटला होणार नाही, तुमची नोकरी जाणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. ज्या वरिष्ठापुढे उभे राहताना पागोटे सावरावे लागे, त्याच्यासमोर बसून, त्याच्या बॅरिस्टरांच्या उलटतपासणीला तोंड देत, त्यांनी आपली स्वतःची लाज उघड्यावर मांडली. मी आजवर अनेक चौकशा पाहिल्या. आपण लुबाडले गेलो असे सांगणे अवघड असते, हे मला माहीत आहे; पण आपणही त्या व्यवहाराचा एक भाग होतो असे सांगणे त्याहून किती तरी अवघड असते.

चौकशी १८५० च्या सरकारी नोकरांच्या चौकशीसंबंधीच्या कायद्याखाली झाली. (हा कायदा इतका चिवट निघाला की स्वातंत्र्यानंतरही मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांसाठी तो वापरला गेला.) आयोगावर तिघे होते : कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे दोन सनदी अधिकारी. पुण्यात महिनोन्‌महिने जबान्या झाल्या. अखेर आयोगाने निष्कर्ष काढला की लाचलुचपतीचे आरोप क्रॉफर्डवर शाबीत होत नाहीत. मात्र आपल्याच अमलाखालील लोकांकडून त्याने कर्जे काढली, हा दोष त्याच्या माथी येतो. मुंबई सरकारला हे मान्य नव्हते. काही आरोप तरी सिद्ध झाले आहेत असे त्याचे मत पडले. विलायतेत भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेबाबत आयोगाचा निर्णय उचलून धरला, पण कर्जाच्या दोषासाठी क्रॉफर्डला नोकरीवरून दूर केले. हणमंतरावाला शिक्षा झाली होतीच. साहेबाच्या नावाने घेणारा तुरुंगात आणि साहेब लाचेच्या डागापासून मोकळा, असा तो न्याय होता.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. पण खरे राजकारण येथून सुरू झाले. क्रॉफर्डच्या बाजूच्या अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांनी आणि त्यांच्या विलायतेतील मित्रांनी उलट प्रश्न विचारला : लाच दिल्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल करणारे हे मामलेदार अजून न्यायासनावर कसे? प्रश्न वरवर नीतीचा होता. त्यामागचा राग, हे बोललेच का, असा होता. शिवाय १८०९ चा एक विलायती कायदा निघाला, ज्यानुसार पैसे देऊन सरकारी जागा मिळवणारा ती जागा धारण करण्यास अपात्र ठरे. म्हणजे लॉर्ड रे यांच्या सरकारने दिलेले वचन हे देण्याचा त्या सरकारला अधिकारच नव्हता, असा कायदेपंडितांचा अभिप्राय पडला. पार्लमेंटात प्रश्नांची सरबत्ती झाली. कॉमन्स सभेत त्या वेळी हिंदुस्थानचे उपमंत्री सर जॉन गोर्स्ट होते.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे प्रश्न लंडनला विचारले जात होते, कारण हिंदुस्थानात ते विचारण्याची सोयच नव्हती. १८६१ च्या कायद्याने जी कायदे कौन्सिले निर्माण झाली होती त्यांतील सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता; तो प्रथम मिळाला १८९२ च्या कायद्याने, तोही अनेक अटींनी जखडलेला. पुण्यातल्या मामलेदाराचे भवितव्य सहा हजार मैलांवर ठरत होते, आणि ज्या सभेत ते ठरत होते तिच्यात त्याच्या तालुक्यातील एकाही माणसाचे मत नव्हते.

मग पुणेकरांनी आपली सभा भरवली. १८८९ च्या सप्टेंबरात झालेल्या त्या जाहीर सभेत बाळ गंगाधर टिळक बोलले. टिळक तेव्हा ३३ वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत होते. पुढे देशाने ज्यांना लोकमान्य म्हटले त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील हा अगदी आरंभीचा प्रसंग. त्यांनी घेतलेली भूमिका मला फार विचारपूर्वक घेतलेली वाटते. मामलेदार निष्कलंक आहेत असे सांगून चालण्यासारखे नव्हते. मुद्दा हा होता की सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर माणसे बोलली, आणि काम झाल्यावर तो शब्द मागे घेणे हा विश्वासघात आहे. लाचेच्या प्रकरणात लाच देणाऱ्याची बाजू घेणे लोकांना रुचणारे नसते. टिळकांनी ती जोखीम पत्करली.

शेवटी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलला १८८९ मध्ये खास कायदा करावा लागला. मामलेदारांवर त्यांच्या जबानीवरून खटले अगर दावे होऊ नयेत अशी तजवीज त्यात झाली. परंतु पूर्ण शब्द पाळला गेला नाही. ज्यांनी दडपणाखाली पैसे दिले ते एका बाजूस आणि ज्यांनी आपण होऊन, लाभासाठी दिले असे सरकारला वाटले ते दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी करण्यात आली. दुसऱ्या गटातील कित्येकांना नोकरी सोडावी लागली. दडपण कोठे संपते आणि लाभ कोठे सुरू होतो, हे ज्याची बदली वरिष्ठाच्या मर्जीवर आहे त्याच्या बाबतीत कोणी कसे ठरवावे?

हे वाचताना मला एक कारकून आठवतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या कचेरीत होतो, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, तेथे खरेदीच्या एका व्यवहाराची चौकशी निघाली. चौकशी करणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी त्या कारकुनाला आपुलकीने सांगितले, "तू खरे काय ते सांग, तुझ्या केसाला धक्का लागणार नाही." त्याने सांगितले. बिलांवर सह्या त्याच्या होत्या, तोंडी हुकूम वरच्यांचा होता. वरचे यथाकाल, पेन्शनीसह, हारतुरे घेऊन निवृत्त झाले. कारकुनाच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या, कारण सह्या त्याने स्वतःच कबूल केल्या होत्या. आश्वासन देणारे गृहस्थ तोवर बदलून गेले होते, आणि आश्वासन कोठे कागदावर नव्हते. पुढे एकदा त्याने मला विचारले होते, "साहेब, मी बोललो नसतो तर काय झाले असते?" मी चहा मागवला, एवढेच.

क्रॉफर्डनंतर ६८ वर्षांनी, स्वतंत्र हिंदुस्थानात, चित्र पुष्कळ पालटले होते. आता प्रश्न विचारणारी सभा आपली होती. तिने आधी आपल्याच सभासदाला हिशेब विचारला होता : १९५१ साली हंगामी संसदेत, अहमदाबादला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील दादासाहेब मावळंकर सभापती असताना, मुंबईच्या सराफ बाजारातील संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची वकिली केल्याबद्दल मुदगल या सभासदाची सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि त्यांना जावे लागले. त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी, आणि तिच्या सभासदांत होत्या दुर्गाबाई, ज्या पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झाल्या. ही नावे लक्षात असू द्यावीत.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ च्या जानेवारीत जाहीर केले ते अर्थमंत्री या नात्याने चिंतामणरावांनी. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्यांच्यामागून अर्थमंत्री झाले कृष्णम्माचारी. १९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर, गुंतवणूक समितीला न विचारता, घेतले. डिसेंबरात फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले. ते सत्तारूढ पक्षाचे सभासद आणि खुद्द पंतप्रधानांचे जावई. त्यांच्या भाषणाने सरकारला चौकशी नेमणे भाग पडले, आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे ती आली.

छागलांनी एक गोष्ट केली ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी चौकशी उघड्यावर केली. मुंबईत लोकांची अशी गर्दी लोटली की आत न मावणाऱ्यांसाठी बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थखात्याचे प्रमुख सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, सारे साक्षीला आले, आणि हुकूम कोणी दिला याविषयी मंत्री एक सांगत होते, सचिव दुसरे. रस्त्यावरचा माणूस ते आपल्या कानांनी ऐकत होता. नेमणूक जानेवारीत, अहवाल फेब्रुवारीत. आज ज्या आयोगांना वर्षामागून वर्षे मुदतवाढ मिळते त्यांच्याशी ताडून पाहावे. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असे छागलांनी म्हटले. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. अधिकाऱ्यांच्या वर्तनाची वेगळी चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने केली. नंतरचा भाग मात्र क्रॉफर्डच्या मानाने सौम्य आहे : कृष्णम्माचारी पुन्हा मंत्रिमंडळात आले, आणि सनदी नोकरी सोडलेले पटेल १९७७ मध्ये स्वतःच अर्थमंत्री झाले. मोठ्यांना परतीची वाट असते. ती नसावी असे मी म्हणत नाही. ती कारकुनालाही असती तर बरे होते.

१९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी जाहीरपणे मागणी केली की वरिष्ठ पदांवरील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी एक उच्चाधिकार न्यायाधिकरण नेमावे. ते नेमल्यास आपल्या माहितीतील अर्धा डझन प्रकरणे आपण त्याच्यापुढे ठेवू. आव्हान मिळाले : नावे आधी सांगा. चिंतामणरावांनी ती सांगितली नाहीत. पुष्कळांनी त्यांना भित्रे म्हटले. मला तसे वाटत नाही. जो गृहस्थ रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होता, सहा वर्षे देशाची तिजोरी ज्याच्या हाती होती, ज्याने स्वाभिमानासाठी मंत्रिपद सोडले, त्यालाही आधी मंच हवा होता आणि मग साक्ष. पुण्याच्या मामलेदारांजवळ ही सावधगिरी नव्हती. त्यांनी आधी साक्ष दिली. पंतप्रधान नेहरूंनी तसे न्यायाधिकरण नेमण्यास नकार दिला. ती सहा प्रकरणे कोठे उघड झाली नाहीत.

त्यानंतरचा प्रवास मी थोडक्यात आटोपतो, कारण तो वाचकांच्या आठवणीतला आहे. संथानम समितीनंतर १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला, आपल्या राजस्थानाने १९७३ मध्ये. केंद्रातील लोकपालाचे विधेयक १९६८ पासून येत-जात राहिले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणानंतर, २०१३ मध्ये, त्याचा कायदा झाला, आणि पहिले लोकपाल नेमले गेले ते २०१९ मध्ये. या सर्वांत मला छागलांच्या ध्वनिवर्धकाची आठवण करून देणारी गोष्ट आपल्याच प्रांतात घडली. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे जनसुनवाई भरली. मजुरीच्या याद्या सर्वांसमक्ष मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि लोक उठून सांगू लागले की हे पैसे आम्हाला कधी मिळालेच नाहीत. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे एक मूळ त्या मांडवात आहे.

पण मामलेदारांचा प्रश्न तेथेच उभा आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाऱ्याच्या जबानीला संरक्षण देणारे एक कलम होते. २०१८ च्या दुरुस्तीने ते गेले. आता देणाराही गुन्हेगार. मात्र ज्याला देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे वा तपासयंत्रणेकडे कळवले तर तो सुटतो. दडपण आणि लाभ यांतील जी रेघ १८८९ साली माणसामाणसाच्या कागदपत्रांवरून ओढली गेली, ती आता दिवस मोजून ओढली जाते.

कोजागिरीच्या रात्री त्या मुलाला मी हे सारे सांगितले नाही. मामलेदारांपर्यंतचे सांगितले, आणि तो कायद्याचा अभ्यास करू इच्छितो म्हणून शेवटी सात दिवसांचे कलमही सांगितले. क्रॉफर्डने पुढे पुणे आणि दख्खनमधील आपल्या अडचणींवर १८९७ साली एक पुस्तक लिहिले, हेही सांगितले. मामलेदारांपैकी कोणी पुस्तक लिहिल्याचे मला माहीत नाही. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, ते मामलेदार सात दिवसांत कळवायला कोणाकडे गेले असते? त्यांच्या वरचा अधिकारी तर तोच होता ना?"

तोवर दूध निवले होते. ते पुन्हा गरम करावयास कोणीतरी खाली घेऊन गेले.